धूर विकणारे, धूर लपवणारे

स्टेक म्हणजे काय ते आधी आपल्या भाषेत सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी नावाने दचकायला नको. मांसाचा जाड तुकडा. एक बोट जाड, फार तर दोन. त्याला मीठ चोळायचं, कडक आचेवर दोन्ही अंगांनी भाजायचं आणि खायचं. बस्स. वाटण नाही, रस्सा नाही, फोडणी नाही. माणसाला विस्तव सापडला तेव्हापासूनचा हा पदार्थ. आणि ह्याच्याभोवती पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्ती, लाकडी मुठीची सुरी आणि टाय बांधलेला कॅप्टन उभा करून त्याचं असं देऊळ केलंय, की आपली पोरं पहिला पगार हातात पडला की तिकडे नवस फेडायला जातात. जा. जिभेला कोणी नाही म्हणू नये, मी तर नाहीच म्हणणार. पण तिथून परत आल्यावर ही पोरं जे वाक्य बोलतात ते माझ्या डोक्यात जातं. 'ती चव घरी नाय येत रे.'

नाय येत? का नाय येत? मांस तेच, मीठ तेच, विस्तव तोच. मग घरी कमी काय पडतं, ते एकदा उघडं करून बघू. कारण ह्या वाक्याच्या पोटात चवीच्या तक्रारीबरोबर घराची लाजही लपून बसलेली आहे, आणि लाज ही गोष्ट कोणाच्याही जिभेवर आपोआप उगवत नाही, ती कोणीतरी पेरावी लागते.

स्टेकमध्ये तीन गोष्टी असतात. तुकडा, आच आणि वेळ.

पहिला तुकडा. मुंबईतल्या हॉटेलात स्टेक म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा म्हशीचं किंवा रेड्याचं असतं, आणि त्यातला सगळ्यात मऊ तुकडा म्हणजे टेंडरलॉइन. बड्याच्या दुकानात ह्यालाच अंडरकट म्हणतात. पाठीच्या कण्याखाली, आतल्या अंगाला, दोन्हीकडे एकेक लांबट पट्टा असतो, तो हा. अख्ख्या जनावरात हे मांस अगदी थोडं. ते मऊ का, तर त्याला काम नसतं. जनावर उभं राहिलं, चाललं, ओझं ओढलं, चिखलातून वर आलं, ते सगळं खांद्याने, मानेने आणि पायांनी केलं. अंडरकट आत गादीवर लोळत राहिला. ज्या स्नायूने आयुष्यभर काम केलं नाही तो मऊ, आणि जो मऊ तो महाग. हे मी कवितेसाठी रचलेलं नाही, दोस्तांनो. जनावराच्या अंगातच हा वर्गविग्रह आहे.

आता कष्टाचं मांस घ्या. खांदा, मान, नळीच्या वरचा गोळा. ह्यात धागे जाड आणि धाग्यांना बांधणारी चिवट जाळी जास्त. कडक आचेवर दोन मिनिटं टाकलं तर चपलेचा तळ होतो. पण तेच मंद आचेवर तास दोन तास ठेवलं की ती जाळी विरघळते आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. आणि चव? चवीला कष्टाचं मांस अंडरकटापेक्षा दाट असतं, हे कोणीही खरं खाणारा सांगेल. अंडरकट मऊ असतो, पण चवीने भिडस्त. म्हणून हॉटेलात त्याच्यावर मिरीचा सॉस, मशरूमचा सॉस, लोण्याचा गोळा ठेवतात. आपल्या आया-आज्यांच्या वाट्याला अंडरकट कधी आला नाही. त्यांच्याकडे आलं ते कष्टाचं मांस, वजडी, काळीज, तिल्ली, रक्ती. आणि त्यांनी त्यातून चव काढली. हे हुन्नर आहे. अंडरकट मऊ करायला हुन्नर लागत नाही, तो जन्मजात मऊ असतो. त्याला फक्त बिघडवायचं नसतं.

दुसरी आच. मांस भाजताना जो तपकिरी खरपूस थर येतो, तीच स्टेकची अर्धी चव. साधारण १४० अंशांच्या पुढे हा थर झपाट्याने धरतो. फ्रान्सच्या मायार नावाच्या माणसाने १९१२ ला ह्या बदलावर लिहिलं, तेव्हापासून त्याला मायारचं नाव पडलं. दहावीचं विज्ञान आठवा. पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे तुकड्याच्या अंगावर पाणी आहे तोवर त्याचं कातडं १०० च्या वर जाणार नाही, आणि खरपूस होणार नाही. ते शिजेल, उकडेल, करडं होईल. घरी बिघडतं ते इथे. आपण मांस धुतो, तसंच ओलं तव्यावर टाकतो, तवा पुरता तापलेला नसतो, आणि घाईत चार तुकडे एकदम टाकतो. पाणी सुटतं आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं. मग म्हणायचं, घरी चव येत नाही.

तर करायचं असं. मीठ चोळून तुकडा पाऊण तास ठेवायचा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग ते खारं पाणी परत आत जिरतं. नंतर स्वच्छ फडक्याने कोरडा पुसायचा. बिडाचा तवा दहा मिनिटं मोठ्या गॅसवर तापवायचा. म्हशीच्या मांसात आत चरबी कमी असते, अमेरिकन गायीच्या मांसात असते तशी पांढरी नक्षी नसते. म्हणून ते लवकर कोरडं पडतं. त्यासाठी दुकानातूनच चरबीचा एक तुकडा मागून घ्यायचा आणि तव्यावर वितळवायचा. एका वेळी एकच तुकडा. उलटा, पालटा, परत उलटा, काही बिघडत नाही. भाजल्याने मांसाचं तोंड बंद होतं आणि रस आत कोंडतो, असं एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं होतं. ते खोटं ठरून जमाना झाला, तरी हॉटेलातले लोक अजून ते सांगतात. किती भाजायचं? अमेरिकन सरकारची शिफारस आहे की आतमध्ये ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा. आपल्या उघड्या बाजारातल्या मांसासाठी मी तरी त्याच्या खाली जाणार नाही. उतरवल्यावर लगेच कापायचं नाही, नाहीतर सगळा रस ताटात. शेगडीवर निखारे असतील तर तवाही नको. जाळी ठेवा आणि भाजा. निखाऱ्याची आच आणि ठिबकलेल्या चरबीचा धूर, हे दोन्ही मिळालं तर कुठल्याच एसी हॉटेलाच्या बापाची भीती नाही.

तिसरा वेळ. इथे मात्र हॉटेलाचं एक म्हणणं मला मान्य आहे. ब्रुकलिनमधलं पीटर लुगर १८८७ पासून चालू आहे. तिथे किंवा तसल्या दुसऱ्या अमेरिकन स्टेकहाउसात मांस थंड कोठीत काही आठवडे टांगून ठेवतात. हळूहळू पाणी उडतं, धागे सैल पडतात, चव दाट होते, वरचा सुकलेला थर छाटून टाकतात. हे घरच्या फ्रीजमध्ये जमत नाही, जमवायला जाऊही नका, मांस सडेल. पण ती युक्ती काय आहे ते बघा. पाणी काढा, चव दाट करा. आता गावाकडच्या चान्या आठवा. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या, मीठ लावून दोरीवर उन्हात सुकवलेल्या. पावसाळ्यात चुलीत एक पट्टी सरकवायची, निखाऱ्यावर फुगेपर्यंत भाजायची, ठेचायची आणि भाकरीबरोबर खायची. त्यांच्याकडे थंड कोठी होती, आपल्याकडे ऊन होतं. त्यांनी वाया गेलेल्या वजनाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले, आपण एका जनावरावर वस्तीचे दोन महिने काढले. त्याचं नाव मेनूवर गेलं. ह्याचं नाव घेताना आपली पोरं इकडेतिकडे बघतात.

म्हणजे तुकडा घरी आणता येतो, आच घरी पेटवता येते, वेळेतही आपण फार मागे नव्हतो. तरी पोरगं म्हणतं, ती चव घरी येत नाही. मग हॉटेल नेमकं विकतं काय?

गेल्या दिवाळीला बोनस झाला तेव्हा आम्ही लॅशिंगच्या टोळीतले चौघे फोर्टातल्या एका हॉटेलात गेलो होतो. नाव सांगत नाही, सगळी सारखीच. तिथे सिझलरची तऱ्हा होती. लाकडी ताटात तापवलेली बिडाची थाळी, तिच्यावर कोबीची पानं, वर स्टेक, आणि टेबलाकडे निघताना वरून लोणी की सॉस काहीतरी ओततात. चर्रर्र. धुराचा लोट उठतो. वेटर तो लोट घेऊन हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मुद्दाम चालत जातो. माणसं माना वळवून बघतात. बाया हसून नाकापुढे हात हलवतात. ज्याच्या टेबलावर तो धूर थांबतो तो खुर्चीत दोन इंच उंच होतो. आमच्या टेबलावर थांबला तेव्हा आमचा एक दोस्त हळूच म्हणाला, 'च्यायला, घरी एवढा धूर झाला तर आई खिडकी लावते.'

हे आहे ते. हॉटेल धूर विकतं. आपण धूर लपवतो.

आईने खिडकी लावली, ती काय आईची आवड होती? दहा बाय बाराच्या खोलीत, मे महिन्यात, गॅससमोर उभं राहून कोणती बाई हौसेने खिडकी बंद करेल? मी स्वतः गेल्या वर्षी नव्या मुंबईत भाड्याची खोली बघत होतो. मालकाने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग तो प्रश्न विचारला जो ह्या शहरात सगळ्यांना माहीत आहे. 'खाण्यापिण्याचं काय?' मी म्हटलं, सगळं खातो. तो म्हणाला, खा की, आमची ना नाही, पण वास येता कामा नये. खोली मिळाली नाही. त्याच इमारतीच्या तळमजल्याला ग्रिलचं हॉटेल होतं, आणि त्याचा धुराडा इमारतीच्या मागून सरळ गच्चीपर्यंत गेलेला होता. तो वास चालतो. त्याला गाळ्याचं भाडं येतं आणि त्याला आडनाव नसतं.

हॉटेलात जाऊन आपण जे विकत घेतो ते हेच. दोन तास बिन-आडनावाचा वास. तिथे कोणी नाकाला पदर लावत नाही, कोणी जिन्यात थांबून हुंगत नाही. एका पाळीच्या मजुरीहून जास्त बिल येतं, त्यात मांसाचे पैसे थोडे आणि परवानगीचे जास्त. पोरगं ज्याला चव म्हणतं ती बिनधास्त खाण्याची चव आहे. ती घरी येत नाही हे खरंच आहे, पण दोष तव्याचा नाही.

आता कायद्याकडे या. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू त्यात नव्हते. ते बंदीत आणणारं विधेयक विधिमंडळाने १९९५ ला मंजूर केलं, ते वीस वर्षं पडून राहिलं आणि राष्ट्रपतींची सही होऊन मार्च २०१५ मध्ये कायदा लागू झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. आणि नुसतं मांस जवळ सापडलं तरी गुन्हा. ह्यात हॉटेलातल्या स्टेकचं काय बिघडलं? मेनूकार्ड बदललं. 'बीफ'च्या जागी 'बफ' आलं, नाहीतर नुसतंच 'टेंडरलॉइन' आलं. गिऱ्हाईक तेच, सुरी तीच, सॉस तोच. बिघडलं ते झोपडपट्टीतल्या पातेल्याचं. जे मांस मटणाच्या कितीतरी खाली मिळत होतं, ज्यावर हमालाचं, पाथरवटाचं, कचरा वेचणाऱ्या बाईचं अंग चालत होतं, त्यातला एक मोठा हिस्सा रात्रीत गुन्हा झाला. उरलं म्हशीचं. आणि म्हशीच्या मांसाची पिशवी हातात असली तरी ते म्हशीचंच आहे हे रस्त्यात पटवून कोणाला द्यायचं, हा नवा धंदा मागे लागला.

६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्याचं कलम ५ड रद्द केलं. दुसऱ्या राज्यात कापलेल्या जनावराचं मांस इथे जवळ बाळगणं हा त्या कलमाने गुन्हा होता. कोर्टाने त्यासाठी आधार घेतला तो खाजगीपणाच्या हक्काचा. म्हणजे माणूस आपल्या घरात काय खातो त्यात सरकारने नाक खुपसू नये. कत्तलीची बंदी मात्र तशीच राहिली. त्यामुळे हक्क मिळाला तो ताटाचा, आणि ताटात घालायचं काय ते आणा परराज्यातून. तरी मला त्या निकालात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोर्ट बोललं ते घराबद्दल. हॉटेलात खाण्याला कोणी फारसा हात लावलेलाच नव्हता. भांडण सगळं आपल्या चुलीचं होतं.

आणि चुलीचं भांडण म्हणजे काय, हे २८ सप्टेंबर २०१५ ला उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात दिसलं. घरात गाईचं मांस आहे ह्या संशयावरून जमावाने मोहम्मद अखलाक ह्यांना घरातून ओढून ठार मारलं. घरातलं मांस तपासायला नेलं. स्टेकहाउसचा फ्रीज उघडायला असा जमाव जात नाही. घराचा फ्रीज उघडायला जातो. घरची चव आणि हॉटेलची चव ह्यातला फरक मोजायचा तर ह्या मापाने मोजावा लागतो, नुसत्या लोण्याच्या गोळ्याने नाही.

मी गोदीत आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुम्हाला टेबलावरून दिसत नाही. न्हावा-शेवाला रीफर कंटेनरची रांग लागते. पांढरे, चाळीस फुटी, अंगावर घरघरणारी मशीन. बाहेरच्या चौकोनात आकडा दिसतो, उणे १८. आत वीस-वीस किलोचे खोके, एका कंटेनरात साधारण २७-२८ टन. हाड काढलेलं म्हशीचं मांस, कारण हाडासकट बाहेर पाठवायला परवानगी नाही. कागदावर नाव कॅराबीफ. आपल्या देशाने २०२३-२४ ह्या एका वर्षात सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस बाहेर पाठवलं, त्याचे सुमारे ३१ हजार कोटी रुपये झाले, आणि त्यातला बराच माल आमच्या बंदरातून गेला. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त. आम्ही त्या पेट्या जहाजावर रॉड लावून बांधतो. आजपर्यंत एकाही पेटीला कोणी आडनाव विचारलं नाही. एकाही पेटीचा वास कोणाच्या भावनेला लागला नाही. डॉलरला वास नसतो. तीच पेटी बांधून मी घरी आलो आणि अर्धा किलो तेच मांस काळ्या पिशवीत, वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून नेलं, की जिन्यात हुंगणारं नाक उभं.

आता आपल्यातल्या लोकांशी बोलतो. कारण हा लेख वाचून पहिला फोन त्यांचाच येणार. 'बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं ते तू परत काय काढतोस?' दादा, नीट वाचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस सोडायला. मेलेलं ओढायचं, फाडायचं, खायचं आणि त्या बदल्यात गावाचं उष्टं मागायचं, ही सक्ती होती, गुलामीचा मोबदला होता. ती सोडली. आपल्या बापांनी सोडली आणि त्यासाठी मार खाल्ला. त्याला माझा सलाम आहे. पण घामाच्या पैशाने, दुकानात उभं राहून, भाव करून घेतलेलं मांस ही दुसरी गोष्ट. त्याच बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ह्या ग्रंथात मांडलं, की ब्राह्मणही एके काळी गोमांस खात होते, त्यांनी ते बौद्धांवर मात करण्यासाठी सोडलं आणि जे खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यता लादली. म्हणजे ताटातून जात कशी काढली गेली, ह्याचा हिशोब त्यांनीच मांडून ठेवलाय. शाहू पाटोळे ह्यांनी २०१५ ला 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या घरांमधलं सगळं खाणं कागदावर आणलं, नावानिशी, कृतीनिशी. ज्याने वाचलं नसेल त्याने वाचावं. आणि ज्याला मांस खायचंच नाही त्याने खाऊ नये. आपल्यात करुणेने सोडलेले लोक आहेत, त्यांच्या ताटात कोणी तुकडा टाकायला जाऊ नये. खायला लावणं हीसुद्धा दादागिरीच. माझं भांडण लाजेने सोडणाऱ्यांशी आणि लपून खाणाऱ्यांशी आहे, आणि त्यांच्याशीही ते घरातल्या माणसाशी असावं तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट, घराचं गोडवं गाताना आपण गडी लोक एक गोष्ट सोयीने विसरतो. स्टेक तव्यावरून उतरला की दहा मिनिटांत खायचा असतो. मग घरी चौघांसाठी भाजणारी जी आहे ती कधी खाते? शेवटी, गार, उरलेलं. हॉटेलात भाजणाऱ्या पुरुषाला शेफ म्हणतात, पगार देतात, पांढरी टोपी घालतात. घरी भाजणारीला मानेकडचा तुकडा. आणि रविवारी एक दिवस हौस म्हणून आपण बार्बेक्यू करायचा, व्हिडिओ काढायचा आणि तवा घासायला तिच्यापुढे टाकायचा, ही कसली क्रांती? त्यासाठी मी आमच्याकडे एक रीत पाडली आहे. सगळे शेगडीभोवती बसतात. एक तुकडा भाजून झाला की तो विसावतो, मग आडव्या धाग्याने पातळ कापून सगळ्यांत वाटायचा. तोवर दुसरा आचेवर. भाजणारा दर तुकड्याला बदलतो. कोणी शेवटी जेवत नाही. तवा मी घासतो, बिडाचा तवा साबणाने रगडायचा नसतो हे आईने शिकवलं म्हणून नीट घासतो.

हाताने खातो हे वेगळं सांगायला नको. फोर्टातल्या त्या हॉटेलात आमच्या एकाने सुरी बाजूला ठेवून हात घातला तेव्हा कॅप्टनच्या भुवया वर गेल्या. त्याला माहीत नसेल, पण न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकापासून 'बीफस्टेक' नावाच्या पंगती व्हायच्या. जोसेफ मिचेल ह्या पत्रकाराने १९३९ ला त्यांच्यावर लिहून ठेवलंय. काटे नाहीत, सुऱ्या नाहीत, कपड्यांवर ॲप्रन बांधायचा, स्टेकचे काप पावावर ठेवून हाताने खायचे आणि हात ॲप्रनलाच पुसायचे. ज्या देशाकडून हे टेबलक्लॉथ उसने आणले तिथे स्टेक असा खाल्ला जात होता. आपल्याला मात्र काटा डाव्या हातात नाही धरला म्हणून घाम फुटतो.

तर करायचं काय? हॉटेलात जाऊ नका असं मी म्हणत नाही. आत भांडी घासणारा पोरगा बहुतेक आपल्यासारख्याच कुठल्यातरी वस्तीतून आलेला असतो, त्याला टीप द्या, खा, मजा करा. पण परवानगी विकत घेऊन तिला चव म्हणू नका. आणि घरी एकट्याने खिडकी उघडून हिरोगिरी करा असंही म्हणत नाही. एकटी खिडकी फोडायला दगड एक पुरतो. १५ एप्रिल २०१२ ला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात दलित-बहुजन विद्यार्थ्यांनी उघड्यावर बीफ फेस्टिव्हल केला. हल्ला झाला, तरी माणसं पळून गेली नाहीत, कारण ती बरीच होती. आपणही बरेच आहोत. वस्तीतल्या मंडळाने एक मोठी शेगडी घ्यावी, लोखंडी जाळी गॅरेजवाल्याकडून जोडून घ्यावी. महिन्यातून एक रविवार गल्लीत पेटवावी. म्हशीचं मांस दुकानातून पावतीसकट आणावं. ज्याला अंडरकट परवडेल त्याने अंडरकट आणावा, ज्याला नाही त्याने खांदा आणून आदल्या रात्री मंद शिजवून ठेवावा आणि वरून फक्त निखारा दाखवावा. न खाणाऱ्यासाठी कणीस आणि वांगं आहेच. सगळ्यांनी बसावं, भाजावं, बोलावं, पोरांनी कविता वाचाव्यात.

धूर वर जाईल. शेजारच्या सोसायटीतून कोणी विचारलं, काय शिजतंय, तर 'नॉनव्हेज' असं गुळमुळीत बोलू नका. नाव घ्या. म्हशीचं मांस आहे, या जेवायला. पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडेल. दोनचार रविवारांनी पडणार नाही. आणि मग बघा, घरी ती चव येते की नाही.